रायपूरहून केदारनाथ, बद्रीनाथ, अमरनाथ: योजना, नोंदणी आणि उंचीची तयारी

रायपूर व आसपासच्या जिल्ह्यांत राहणारे मराठी भाषिक ज्येष्ठ नागरिक आणि त्यांना यात्रेला नेणारी मुले-सुना यांच्यासाठी ही माहिती आहे. हिमालयातील देवस्थानांची यात्रा ठरवताना बहुतेक घरांत आधी पैशांचा हिशेब होतो, मग तिकिटे निघतात आणि शेवटी उरलेल्या रजेत दिवस बसवले जातात. साठीच्या पुढील माणसासाठी हा क्रम उलटा असावा: आधी डॉक्टर, मग दिवस, मग नोंदणी आणि सर्वांत शेवटी तिकीट.

याचे कारण उंचीत आहे. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. हरिद्वारही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे तिथपर्यंतच्या प्रवासात शरीराला काही वेगळे जाणवत नाही. पुढे मात्र बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटर, केदारनाथ ३,५८३ मीटर आणि अमरनाथची गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे. केदारनाथला एका श्वासात मिळणारा प्राणवायू सपाटीच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच असतो. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. हे दिवस कोणतीही योजना किंवा कोणतेही पॅकेज आपोआप देत नाही. ते आपल्यालाच मागून घ्यावे लागतात.

कोणती योजना आपल्याला लागू आहे?

भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी वस्ती आहे. तात्यापारा, चौबे कॉलनी अशा भागांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे नातेवाईक नागपूर, गोंदिया किंवा अमरावतीला असतात. त्यामुळे महाराष्ट्रातील योजनांची माहिती फोनवर इकडे येते आणि गैरसमज होतो. महाराष्ट्राची मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६० वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांसाठी तिच्यात प्रतिव्यक्ती ३०,००० रुपयांपर्यंत खर्चाची तरतूद आहे. पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आपले रेशनकार्ड आणि निवासाचा पुरावा छत्तीसगडचा असेल तर मातृभाषा मराठी असल्याने पात्रता मिळत नाही. नातेवाइकाच्या पत्त्यावर अर्ज भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. खोटी माहिती दिल्यास अर्ज तर जातोच, पुढची अडचणही उभी राहते.

छत्तीसगडच्या रहिवाशांसाठी राज्याची मुख्यमंत्री तीर्थ यात्रा योजना आहे. काही वर्षे बंद राहिल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि २७ मार्च २०२५ रोजी रायपूरहून पहिली गाडी तिरुपती, मदुराई आणि रामेश्वरमकडे रवाना झाली. अर्ज समाजकल्याण विभागामार्फत होतात आणि ज्येष्ठांसाठी वयाची अट ६० वर्षे आहे. कोणती गाडी कोणत्या तीर्थस्थळी जाणार हे प्रत्येक फेरीला ठरते. म्हणून रायपूर जिल्हाधिकारी कार्यालयातील समाजकल्याण शाखेत किंवा आपल्या जनपद पंचायतीत चालू यादी पाहून मगच अर्ज द्यावा. श्री रामलला दर्शन योजना वेगळी आहे. ती अयोध्येसाठी आहे आणि डोंगरावरील यात्रेशी तिचा संबंध नाही.

योजनेची रेल्वे जिथे थांबते, तिथून खरी चढण सुरू होते, हे अर्ज करतानाच ध्यानात घ्या. केदारनाथला रेल्वे नाही. आपण स्वखर्चाने जात असाल तर घोडा, दांडी, कंडी, डोंगरातील मुक्काम आणि अडकून पडल्यास वाढणारे दोन दिवस यांचा खर्च वेगळा धरा.

रेल्वे भाड्याबद्दल अजूनही विचारणा होते, म्हणून लिहून ठेवतो: ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली. मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे. पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ वर्षांपासून तो मिळतो. तिकीट काढताना वय बरोबर भरा.

आधी डॉक्टर

उत्तराखंड शासनाच्या आरोग्य सूचनेनुसार ५५ वर्षांवरील व्यक्ती आणि हृदयविकार, दमा, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. रायपुरात ही तपासणी जिल्हा रुग्णालयात, डॉ. आंबेडकर रुग्णालयात (मेकाहारा) किंवा टाटीबंधच्या एम्समध्ये होऊ शकते. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढ्या तपासण्या तरी कराव्यात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात नको, दीड-दोन महिने आधी. औषध बदलले तर ते लागू पडते का, हे घरीच कळले पाहिजे.

आता सिकलसेलविषयी. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो आणि रायपूरच्या अनेक मराठी कुटुंबांचे मूळ विदर्भात आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या व्यक्तीला विरळ हवा, थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे या तिन्ही गोष्टी त्रासदायक ठरतात. असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. अशा व्यक्तीने केदारनाथ किंवा अमरनाथचा बेत उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय करू नये. जे केवळ वाहक आहेत, त्यांना एरवी काहीच होत नाही आणि बऱ्याच जणांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. पण खूप उंचीवर जोराचे श्रम केल्यास वाहकांच्या प्लीहेला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखू लागले तर ते वाताचे दुखणे समजून सोडू नये. राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियानांतर्गत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. आजी-आजोबांना घेऊन जाणारा नातू किंवा नात या वयात असेल तर त्यांची तपासणी झाली आहे का, हे आपल्या भागातील मितानिनला विचारा. ज्येष्ठांनी हीच तपासणी डॉक्टरांकडून मागून घ्यावी.

आरोग्य प्रमाणपत्रात आजार लपवू नका. नाव कापले जाईल या भीतीने अँजिओप्लास्टी झाल्याचे किंवा दम्याचा पंप चालू असल्याचे न सांगणारे लोक असतात. प्रमाणपत्रावर सही डॉक्टरांची असते, पण चढ आपल्यालाच चढायचा असतो. चारधाम मार्गावर दर हंगामात प्रकृतीच्या कारणाने यात्रेकरू दगावतात आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो.

तयारी: सपाट शहरात चढाचा सराव

रायपूर सपाट आहे. तेलीबांधा तलावाभोवती रोज फेऱ्या मारल्याने पाय चालते राहतात, पण चढाची कल्पना येत नाही. निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे रोज २० ते ३० मिनिटे भरभर चालावे आणि ५ ते १० मिनिटे श्वसनाचे व्यायाम करावेत. सरावाची खरी परीक्षा डोंगरगडला द्यावी. बम्लेश्वरी देवीच्या वरच्या मंदिराला हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. रोपवे न घेता, वाटेत बसत-बसत त्या चढून पाहा. वर गेल्यावर छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दहा मिनिटे बसूनही धाप थांबली नाही, तर रायपूरला परतल्यावर पहिले काम डॉक्टरांना भेटण्याचे. डोंगरगडला जे जमले नाही, ते केदारनाथला घोड्यावर बसूनही सोपे होत नाही, कारण घोडा पायांचे श्रम वाचवतो, श्वासाचे नाही.

दिवस कसे मांडावेत

साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. केदारनाथला तो पाळणे कठीण जाते. गौरीकुंड सुमारे २,००० मीटरवर आहे आणि १६ किलोमीटरच्या चढानंतर त्याच दिवशी ३,५८३ मीटरवर मुक्काम होतो. त्यामुळे खालचे दिवस वाढवणे एवढेच आपल्या हातात राहते. उत्तराखंड शासन चारधाम यात्रेसाठी किमान सात दिवसांचे नियोजन करायला सांगते, ते याचसाठी.

केदार-बद्री एवढीच यात्रा करायची असेल तर मांडणी अशी ठेवता येईल. रायपूरहून दिल्लीमार्गे हरिद्वारला पोहोचून एक रात्र पूर्ण विश्रांती. बिलासपूरहून निघणार असाल तर उत्कल एक्सप्रेस थेट हरिद्वारला जाते. पुढचा दिवस गुप्तकाशीपर्यंतच्या घाटरस्त्यात जातो. गुप्तकाशी सुमारे १,३०० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढाव्यात. मधला दिवस उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरासाठी ठेवला तर तो वाया जात नाही. नंतर सोनप्रयागला आरोग्य तपासणी करून गौरीकुंड गाठावे आणि तिथेही एक रात्र राहावे. पहाटे चढ सुरू करावा, केदारनाथला एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी खाली यावे. त्यानंतर ज्योतिर्मठला मुक्काम करून बद्रीनाथचे दर्शन दिवसभरात घेता येते, कारण तिथे वाहन मंदिराजवळपर्यंत जाते. रात्री झोपायला ज्योतिर्मठलाच परत यावे. ते बद्रीनाथपेक्षा हजारभर मीटर खाली आहे.

रायपुरातील काही यात्रा कंपन्या हीच दोन धामे चार रात्रींत दाखवतात. तरुण माणसाला ते निभावते. आईला नेताना मात्र कार्यक्रमपत्रिका हातात घ्या आणि प्रत्येक मुक्कामापुढे उंची लिहून द्यायला सांगा. ज्याला ती सांगता येत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका.

हेलिकॉप्टरबद्दलचा समज अर्धाच खरा आहे. गुडघे वाचतात, वेळ वाचतो. पण फाटा किंवा सिरसीहून काही मिनिटांत दोन हजार मीटर वर गेल्यावर शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. हेलिकॉप्टरने जाणार असाल तर आधीच्या दोन रात्री गुप्तकाशी परिसरात काढणे अधिकच गरजेचे आहे. वर फार वेळ थांबू नका. खराब हवामानात उड्डाणासाठी आग्रह धरू नका. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात सात जणांचा मृत्यू झाला. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथील कुटुंबही होते.

महिना निवडताना सुट्टीपेक्षा पावसाकडे पाहा. जून २०१३ चा केदारनाथचा प्रलय सर्वांना आठवतो. त्यानंतर ३१ जुलै २०२४ रोजी केदारनाथच्या पायवाटेवर ढगफुटी झाली, ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्री मार्गावरील धराली गावावर लोंढा आला आणि २६ ऑगस्ट २०२५ रोजी वैष्णोदेवीच्या वाटेवर अर्धकुंवारीजवळ दरड कोसळून तीसहून अधिक भाविक गेले. जुलै आणि ऑगस्ट टाळावेत. मे महिन्यात गर्दी फार असते, शिवाय रायपूरच्या ४४ अंशांतून निघून तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोठवणाऱ्या थंडीत पोहोचावे लागते. ज्येष्ठांसाठी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ बरा. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात. ते उघडण्याची तारीख महाशिवरात्रीला जाहीर होते, बद्रीनाथची वसंत पंचमीला. गंगोत्री आणि यमुनोत्री अक्षय तृतीयेला उघडतात.

नोंदणी

चारधामसाठी नोंदणी सक्तीची आहे आणि ती मोफत आहे. उत्तराखंड पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर ती करता येते. स्मार्टफोन नसेल तर जवळच्या चॉइस सेंटरवर आधार कार्ड घेऊन जावे. तिथे सेवाशुल्क द्यावे लागले तर ते केंद्राचे असते, यात्रेचे नव्हे. चौकशीसाठी ०१३५-१३६४ हा क्रमांक आहे. केदारनाथ हेलिकॉप्टरचे तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळते आणि त्यासाठी चारधामची नोंदणी आधी झालेली असावी लागते. व्हॉट्सअॅपवर तिकीट देतो म्हणणारा, आगाऊ रक्कम मागणारा, व्हीआयपी दर्शनाची हमी देणारा माणूस फसवणूक करतो आहे असे समजा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

अमरनाथसाठी नियम कडक आहेत आणि ते असावेतच. वयोमर्यादा १३ ते ७० वर्षे आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना नोंदणीच मिळत नाही, म्हणून त्यांच्या नावाने पैसे गुंतवू नका. अनिवार्य आरोग्य प्रमाणपत्र श्राइन बोर्डाने त्या वर्षासाठी नेमलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यावे लागते. छत्तीसगडमधील अशा डॉक्टरांची यादी बोर्डाच्या संकेतस्थळावर असते. नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. आरएफआयडी कार्डाशिवाय पुढे सोडत नाहीत. बालटालची वाट सुमारे १४ किलोमीटरची आणि उभ्या चढाची आहे. पहलगामची वाट लांब आहे, पण तिच्यात मुक्काम असल्याने शरीराला वेळ मिळतो. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते.

वैष्णोदेवीचे भवन सुमारे १,६०० मीटरवर आहे. तिथे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, प्रश्न गुडघ्यांचा आणि हृदयाचा असतो. कटऱ्यापासून १२-१३ किलोमीटर चालावे लागते.

आयुष्मान कार्ड जवळ ठेवा

आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यातून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. निघण्यापूर्वी ई-केवायसी पूर्ण करा आणि कार्डाची छापील प्रत घ्या, कारण डोंगरात नेटवर्क नसते. वाटेतील संलग्न रुग्णालयांची माहिती १४५५५ वर मिळते. हे कार्ड दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी, घोड्याने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचे भाडे, सोबत्याचा मुक्काम हा खर्च त्यात बसत नाही.

औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. आजार, औषधांची नावे, रक्तगट आणि घरचा फोन क्रमांक हिंदीत लिहिलेली चिठ्ठी ज्येष्ठांच्या खिशात असू द्या. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते सामानात न ठेवता अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवावे. दर्शनापर्यंत उपवास करण्याची अनेकांची पद्धत आहे. मधुमेही व्यक्तीने चढाच्या दिवशी उपवास करू नये. बद्रीनाथच्या तप्तकुंडातील पाणी चांगलेच गरम असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्यात बसून न राहता अंगावर थोडे पाणी घ्यावे.

त्रास ओळखणे

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर आणि झोप न येणे ही उंचीच्या त्रासाची सुरुवात असते. अशा वेळी आणखी वर चढू नये. विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. अॅसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी पडते, पण ती रायपूरहून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच सोबत घ्यावी. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी हे आधी सांगावे.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका: बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येणे, ओठ निळे पडणे, असंबद्ध बोलणे, चालताना झोक जाणे. शंका असल्यास टाचेला बोटे लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. जमत नसेल तर मेंदूवर परिणाम होऊ लागला आहे. अशा वेळी सोबतचे लोक बहुधा म्हणतात, “दमल्यात, झोपू द्या त्यांना.” झोपू देऊ नका. जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात न्या आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवा. उतरणे हाच मुख्य उपचार आहे. दुकानात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. तो उतरतानाच्या सोबतीसाठी आहे, वर थांबून राहण्यासाठी नाही. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

डॉक्टरांनी नाही म्हटले तर

वर जाता न येणाऱ्यांसाठी खालची स्थाने आहेत आणि ती दुय्यम नाहीत. मंदिरे बर्फात बंद असतात त्या काळात देवांची उत्सवमूर्ती खाली आणून तिथेच पूजा होते: केदारनाथची उखीमठला, गंगोत्रीची मुखबा गावात, यमुनोत्रीची खरसालीला आणि बद्रीनाथची पूजा ज्योतिर्मठ-पांडुकेश्वरला. उखीमठ अवघ्या १,३०० मीटरवर आहे आणि वाहन थेट मंदिराजवळ जाते. नोव्हेंबर ते एप्रिलदरम्यान गर्दी नसते आणि खोल्या सहज मिळतात. थंडी मात्र कडाक्याची असते आणि सकाळी रस्त्यावर बर्फ असू शकतो, म्हणून डोंगरातील प्रवास दुपारपर्यंत संपेल असा ठेवावा.